वार एक की दोन?

जुळं आहे असं कळलं की घरचे विचारतात, दोघंही ठीक आहेत ना? सोनोग्राफी करणाऱ्याने त्याआधी एक गोष्ट पाहायला हवी: दोघांची वार एक आहे की वेगवेगळी. वार दोन असतील तर दोन स्वतंत्र बाळं शेजारी शेजारी वाढत असतात. वार एकच असेल तर तिच्यातून दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना मिळालेल्या असतात आणि एकाच्या अंगात जे घडेल ते दुसऱ्याला भोगावं लागतं. या जोडणीतून होणारे आजार, त्यांवर गर्भातच केली जाणारी लेझरची शस्त्रक्रिया आणि आपल्याकडे ती कुणापर्यंत पोचते, यावर डॉक्टरांमध्येच दोन मतं आहेत. दोन्ही नीट मांडता यावीत म्हणून हा संवाद. यातले मामा तालुक्याच्या गावी अनेक वर्षं बाळंतपणं करणारे स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. भाची शहरात फीटल मेडिसिन करते, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या आजारांचं निदान आणि उपचार. दोघंही कल्पित आहेत, त्यांच्या बोलण्यातले रुग्णही कल्पित आहेत. वैद्यकीय माहिती आणि आकडे मात्र खरे आहेत.

भाची: मामा, तुम्ही पाठवलेल्या बाईची फाइल पाहिली. बावीस आठवडे झालेत आणि आधीच्या रिपोर्टात एकच ओळ आहे, जुळी गर्भधारणा, दोन्ही ठोके चांगले. वार किती, मधला पडदा कसा, याबद्दल अक्षर नाही.

मामा: अगं, फाइलच्या पहिल्या पानावर आणखी एक आकडा आहे, तो पाहिलास का? हिमोग्लोबिन साडेसात. माझ्याकडे जुळ्याची बाई येते तेव्हा तिला आधी रक्तवाढीचं औषध लागतं, बीपी मोजणारं कुणीतरी लागतं आणि आठव्या महिन्यात रात्री कळा सुरू झाल्या तर गाडी लागते. वारेतल्या रक्तवाहिन्यांचा नंबर त्यानंतर. तुझा हा आजार शंभरात किती जणींना होतो ते सांग.

भाची: शंभरात नाही, हजारांत मोजू. हजार बाळंतपणांमागे तीन ते चार वेळा एकाच बीजापासून जुळं होतं. अशा जोड्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश जोड्यांना एकच वार असते. एका वारेच्या जोड्यांपैकी दहा ते पंधरा टक्क्यांत ट्विन टू ट्विन ट्रान्सफ्युजन सिंड्रोम (टीटीटीएस), म्हणजे एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जात राहण्याचा आजार होतो. आपल्या देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळंतपणं होतात. हा हिशोब लावला तर दरवर्षी काही हजार घरं होतात.

मामा: आणि माझ्या अख्ख्या प्रॅक्टिसमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

भाची: तेवढी तुम्हाला दिसली. बाकीच्या बायका "सहाव्या महिन्यात दोन्ही गेली" एवढंच सांगत आल्या असतील. कारण कुठे लिहिलंच गेलं नाही की आजार दुर्मीळ वाटायला लागतो.

मामा: हे मान्य. तरी मला वाटतं, आयव्हीएफमुळे शहरात जुळी वाढली, म्हणून तुम्हाला तिथे हे जास्त दिसतं.

भाची: तसं नाही. आयव्हीएफची जुळी बहुतेक वेळा दोन वेगळ्या गर्भांची असतात, त्यांची वार वेगवेगळी. एकच गर्भ सोडला आणि तो फुटला तर एका वारेचं जुळं होऊ शकतं, पण ते थोडं. एकबीज जुळं कुणालाही होतं. त्यात घराण्याचा संबंध जवळजवळ नाही, आईच्या वयाचा नाही, खाण्याचा तर नाहीच.

मामा: जोडकेळं खाल्लं म्हणून जुळं झालं, असं सांगणाऱ्या सासवा माझ्या ओपीडीत अजून येतात.

भाची: म्हणून आईला पहिल्याच भेटीत सांगून टाकायचं की तुझ्या हातून काही झालेलं नाही. फलित बीज कोणत्या दिवशी दुभंगलं एवढ्यावर सगळं ठरतं. पहिल्या तीनेक दिवसांत दुभंगलं तर वार दोन. चौथ्या ते आठव्या दिवसादरम्यान दुभंगलं तर वार एक आणि पाण्याच्या पिशव्या दोन. एका वारेची बहुतेक जुळी या प्रकारची. त्याहून उशिरा झालं तर पिशवीही एकच, आणि फारच उशीर झाला तर अंगं जुळलेली राहतात. तोवर बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं.

मामा: आता वारेबद्दल बोल. आमच्या पुस्तकात व्याख्या सोपी होती. जन्मलेल्या जुळ्यांच्या वजनात वीस टक्के फरक, हिमोग्लोबिनमध्ये पाच ग्रॅमचा फरक, एक पांढरंफटक आणि एक लालबुंद. झालं निदान.

भाची: ती व्याख्या आता मागे पडली. एक तर ती जन्मानंतर कळते, म्हणजे उपचाराची वेळ निघून गेल्यावर. शिवाय वार दोन असलेल्या जुळ्यांच्या वजनातही एवढा फरक पडू शकतो. पण पांढऱ्या-लाल जोडीची नोंद फार जुनी आहे. नेदरलँड्समध्ये १६१७ सालचं एक चित्र आहे, घट्ट गुंडाळलेली दोन तान्ही बाळं, एक फिकट आणि एक लाल. वारेतून रक्त इकडून तिकडे गेलेल्या जुळ्यांचं हे सर्वांत जुनं चित्र असावं, असं डॉक्टरांनी सुचवलं आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात फ्रीडरिश शात्स या जर्मन डॉक्टरने अशा वारेतल्या जोडण्यांचा बारकाईने अभ्यास केला. प्रत्येक बाळाचं आपापलं रक्ताभिसरण असतंच, शिवाय दोघांच्या मधलं हे तिसरं, असं त्याने मांडलं.

मामा: बाळंतपणानंतर मी वार उलटीपालटी करून बघतो, तुकडा आत राहिला नाही ना एवढंच. या जोडण्या दिसतात कशा?

भाची: एकदा याच, दाखवते. वार धुऊन गुठळ्या काढायच्या आणि बाळांच्या बाजूने वर करून ट्रेमध्ये ठेवायची. दोन नाळा असतात. प्रत्येक नाळेच्या शिरेत आणि धमनीत बारीक नळी घालून वेगवेगळे रंग सोडायचे. एका बाळाच्या धमन्या निळ्या केल्या, शिरा गुलाबी. दुसऱ्याच्या धमन्या हिरव्या, शिरा पिवळ्या. रंग हळूहळू वारेच्या पाठीवर फांद्यांसारखे पसरतात. धमनी जवळजवळ नेहमी शिरेच्या वरून जाते, त्यामुळे कुठली कुठे चालली ते डोळ्यांनी कळतं. मग एका जागी निळी धमनी आत बुडते आणि त्याच जागेतून पिवळी शीर वर येते. म्हणजे एकाचं रक्त तिथून आत गेलं आणि दुसऱ्याकडे बाहेर पडलं, परत न येता. नेदरलँड्समधल्या लायडनच्या डॉक्टरांनी अशी शेकडो जोड्यांची वार रंगवून पाहिली आहे. एकच वार असली की जवळजवळ प्रत्येकीत अशा जोडण्या सापडतात.

मामा: जवळजवळ प्रत्येकीत असतील तर आजार दहा-पंधरा टक्क्यांतच का?

भाची: कारण येणं-जाणं बहुतेक वेळा फिटतं. धमनी ते शीर ही वाट एकाच दिशेची, पण अशा वाटा दोन्हीकडून असतात. शिवाय वारेच्या पृष्ठभागावर धमनीला धमनी थेट जुळलेली असली तर तिच्यातून रक्त दोन्ही बाजूंना जाऊ शकतं. ही जोडणी असलेल्या जोड्यांत टीटीटीएस कमी दिसतो. एका दिशेचं पारडं जड झालं आणि परतीची वाट पुरेशी नसली की तोल जातो.

मामा: सामायिक विहिरीवरच्या दोन भावांसारखं झालं. पाट एकाच बाजूला फुटला की एकाच्या वावरात चिखल, दुसऱ्याचा ऊस वाळलेला.

भाची: हो, आणि इथे चिखल झालेलं वावरही बुडतं. लोक म्हणतात, मोठ्याने धाकट्याचं खाल्लं. तसं नसतं. देणाऱ्या बाळाच्या अंगातलं रक्त कमी पडतं, म्हणून त्याची किडनी लघवी तयार करणं थांबवते. गर्भातलं पाणी म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच, त्यामुळे त्याच्या पिशवीतलं पाणी आटतं. पाणी धरून ठेवायला त्याचं शरीर जी संप्रेरकं सोडतं, तीही त्याच वाटेने दुसऱ्याकडे जातात. तिथे आधीच रक्त जास्त झालेलं, त्यात ही संप्रेरकं रक्तदाब वाढवतात. ते बाळ सारखी लघवी करतं, त्याची पिशवी फुगत जाते, हृदयाच्या भिंती जाड होतात आणि शेवटी हृदय दमतं. काही बाळांत फुप्फुसाकडे जाणारी झडप अरुंद होते. म्हणून जन्मल्यावर जे बाळ गुबगुबीत आणि लाल दिसतं, त्याचाही इको करायचाच.

मामा: ही गोष्ट आमच्याकडच्या बालरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. बारीक बाळ पेटीत जातं आणि जाड बाळ आईच्या कुशीत. जाड बाळाची काळजी कुणी करत नाही.

भाची: आता निदानाचं बघा. जन्माची वाट पाहायची गरज नाही, रक्त काढायची नाही. पाणी मोजायचं. एका बाळाच्या पिशवीत सर्वांत खोल कप्पा दोन सेंटिमीटरच्या आत आणि दुसऱ्याच्या पिशवीत आठच्या वर. वीस आठवड्यांनंतर काही ठिकाणी दहाच्या वर धरतात. ही पहिली पायरी. देणाऱ्या बाळाचं मूत्राशय दिसेनासं झालं की दुसरी. डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीत, रक्तप्रवाह बिघडलेला दिसला की तिसरी. बाळाच्या अंगात पाणी साचलं की चौथी, आणि एक बाळ गेलं की पाचवी. रूबेन क्विंटेरो यांनी १९९९ मध्ये या पायऱ्या मांडल्या, आजही जगभर त्याच वापरतात.

मामा: पायऱ्या क्रमाने चढतात?

भाची: नेहमी नाही. पहिलीवर महिनाभर थांबलेलं बाळ पाहिलंय आणि आठवड्यात तिसरीला गेलेलंही. म्हणून वार एक असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी स्कॅन.

मामा: इथे माझा तुझ्याशी वाद आहे. दर पंधरा दिवसांनी म्हणजे बाळंत होईपर्यंत दहा वेळा. लिंगनिदानबंदीच्या कायद्यामुळे सोनोग्राफीचं मशीन नोंदणीच्या जागेवरून हलत नाही, म्हणून बाईलाच मशीनकडे यावं लागतं. वाडीवरून तालुक्याला यायला दोन एसट्या. तिची रोजंदारी बुडते, बरोबर येणाऱ्याचीही बुडते. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणी फुकट होते, पण तुझा पंधरवडा त्यात बसत नाही. आणि शंभरातल्या पंच्याऐंशी-नव्वद जणींना दर वेळी आम्ही काय सांगणार? सगळं ठीक आहे, पण पुढच्या वेळी काही निघू शकतं. एवढी धास्ती घेऊन ती चार महिने काढणार.

भाची: धास्ती खरी, खर्चही खरा. पण तुमचा हिशोब उलट बाजूनेही मांडा. वार किती हे अकरा ते चौदा आठवड्यांच्या स्कॅनमध्ये जवळजवळ नक्की सांगता येतं. मधला पडदा वारेला मिळतो तिथे वारेचं टोक पडद्यात घुसून लॅम्डा या ग्रीक अक्षरासारखा त्रिकोण झाला असेल तर वार दोन. पातळ पडदा काटकोनात येऊन नुसताच टेकला, इंग्रजी टी सारखा, तर वार एक. त्या दिवशी वार दोन निघाली तर त्या बाईला पंधरवड्याच्या फेऱ्यांची गरजच नाही. तुमच्या बहुतेक जुळ्याच्या बायका त्यात सुटतील. विसाव्या आठवड्यापर्यंत तो त्रिकोण पुसट होतो, कधी दिसतच नाही. मग खात्री नसल्यामुळे सगळ्यांनाच एका वारेचं समजून बोलवावं लागतं. तुम्हाला फेऱ्या वाचवायच्या असतील तर पहिला स्कॅन वेळेत व्हायला हवा.

मामा: बाहेरच्या देशांत तर एक मुलगा, एक मुलगी दिसलं की वार दोन असं धरून मोकळे होतात.

भाची: बहुतांशी बरोबरही असतं ते, कारण एका वारेची जुळी सारख्याच लिंगाची. आपल्याकडे १९९४ चा कायदा आहे. लिंग सांगायचं नाही, लिहायचं नाही. तो कायदा हवाच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यामुळे रिपोर्टात ही पळवाट उरत नाही. आपल्याला त्या त्रिकोणावरच विसंबायचं आहे, म्हणून आपल्याकडे तर तो चौदा आठवड्यांच्या आत पाहणं आणि फोटोसकट फाइलला लावणं जास्तच महत्त्वाचं.

मामा: हे पटलं. यात जास्तीचं मशीन नाही, जास्तीचा पैसा नाही, फक्त पाहणाऱ्याची सवय. आमच्याकडे निम्म्या बायका चौथ्या महिन्यानंतर येतात, पण ते काम माझं आणि आशाताईंचं. आता पुढचं विचारतो. समज पहिली पायरी सापडली. लगेच लेझर?

भाची: नाही. त्या पायरीवर गर्भपिशवीचं तोंड आखूड झालेलं नसेल आणि आईला पोटाच्या ताणाचा त्रास नसेल तर थांबून लक्ष ठेवायचं. लगेच लेझर करणं आणि लक्ष ठेवून बिघडलं तरच करणं, यांची तुलना २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळं सुखरूप वाचण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं. मात्र थांबलेल्यांपैकी बऱ्याच जणींना पुढे लेझर लागलं. म्हणजे थांबायचं, पण नजर काढायची नाही.

मामा: आणि दुसऱ्या पायरीच्या पुढे? आम्ही सुई घालून पाणी काढायचो. बाई येते तेव्हा तिला आडवं होता येत नाही, धाप लागलेली असते, पोटाची कातडी ताणून चकाकत असते. दीड-दोन लिटर पाणी काढलं की ती अर्ध्या तासात श्वास घेते आणि म्हणते, डॉक्टर, आज झोप येईल. तो उपचार नाही असं तू मला सांगू नकोस.

भाची: आईसाठी तो उपचारच आहे, आणि लेझरची वेळ निघून गेली असेल तर आजही करतात. पण जोडणी तशीच राहते, पाणी पुन्हा भरतं. हाच प्रश्न युरोफीटस चाचणीत तपासला गेला, २००४ मध्ये निकाल छापून आला. १४२ बायका. निम्म्यांना पाणी काढणं, निम्म्यांना लेझर. निदान एक बाळ अठ्ठावीस दिवसांपर्यंत जगण्याचं प्रमाण लेझरमध्ये ७६ टक्के, पाणी काढण्यात ५६. सहा महिन्यांनंतर मेंदूला इजा नसलेली बाळंही लेझरच्या बाजूला जास्त, ५२ टक्के विरुद्ध ३१. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मध्येच थांबवली.

मामा: तू "निदान एक" म्हणालीस. दोन्ही किती?

भाची: त्या चाचणीत दोन्ही वाचण्याचं प्रमाण लेझरलाही चाळीस टक्क्यांच्या आतच होतं. आज अनुभवी केंद्रांत ते साठच्या आसपास किंवा वर गेलं आहे. एक कारण म्हणजे तंत्र सुधारलं. अमेरिकेत ज्युलियन डी लिया यांनी पहिले अनुभव १९९० मध्ये छापले, तेव्हापासून दुर्बिणीतून एकेक जोडणी शोधून जाळत. आता सगळ्या जोडण्या जाळल्यावर त्या बिंदूंना जोडणारी एक सलग रेघ वारेवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लेझरने ओढतात, म्हणजे डोळ्यांना न दिसलेल्या बारीक वाटाही बंद होतात. तिला सॉलोमन पद्धत म्हणतात. २०१४ च्या अभ्यासात तिच्यामुळे आजार उलटण्याचं आणि टॅप्स होण्याचं प्रमाण खूप खाली आलं.

मामा: टॅप्स म्हणजे?

भाची: फार बारीक, एक मिलिमीटरहून लहान जोडण्यांतून अगदी हळूहळू रक्त झिरपत राहतं. पाण्यात फरक पडत नाही, म्हणून नेहमीच्या स्कॅनमध्ये निसटतं. एकाला तीव्र ॲनिमिया, दुसऱ्याचं रक्त घट्ट. मेंदूतल्या धमनीचा वेग डॉप्लरवर मोजला तरच कळतं. लेझरशिवायही एका वारेच्या तीन ते पाच टक्के जोड्यांत हे होतं. तुमची पांढऱ्या-लालची जुनी व्याख्या खरं तर याच्याच जास्त जवळची.

मामा: मग माझा मुख्य मुद्दा मांडतो. लेझर केलंस. अडीच-तीन मिलिमीटरची दुर्बीण पोटातून गेली, वीस-तीस टक्के बायकांत पुढे पाण्याची पिशवी लवकर फुटते. लेझरनंतर बाळंतपण सरासरी बत्तीस-तेहतीस आठवड्यांना. म्हणजे तू दीड-पावणेदोन किलोची दोन बाळं माझ्या हातात दिलीस. त्यांना श्वासाला आधार, ऊब, जंतुसंसर्गापासून बचाव, आईचं दूध नळीने, हे सगळं महिनाभर. जिल्ह्याच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, एका वॉर्मरवर दोन बाळं असताना तू मला सांगतेस लेझरचं केंद्र काढा. तोच पैसा नवजात कक्षात घातला तर जुळ्यांचीच नव्हे, शंभर एकेकट्या बाळांचीही सोय होईल.

भाची: नवजात कक्षाला पैसा हवा, याला मी नाही म्हणणार नाही. पण टीटीटीएस वाढू दिला तर त्या कक्षापर्यंत बाळं पोचतच नाहीत. तीव्र प्रकारात काहीच केलं नाही तर दहापैकी आठ-नऊ बाळं जातात, तीही बहुतेक चोविसाव्या आठवड्याच्या आसपास. लेझर हा जिल्ह्याजिल्ह्यात काढण्याचा उद्योग नाहीच. हात बसायला आणि बसलेला राहायला केसेस लागतात, म्हणून राज्यात मोजकी केंद्रंच असावीत. वाद केंद्रांच्या संख्येचा नाही, तिथे वेळेत पोचण्याचा आहे. सोळा ते सव्वीस आठवडे एवढीच खिडकी.

मामा: समज, तेही जमलं नाही. एक बाळ गेलं. आम्हाला शिकवलंय, दुसरं वाचवायला ताबडतोब सिझर.

भाची: पंचविसाव्या आठवड्यात तसं करू नका. एकाचं हृदय थांबलं की त्याच्या शरीरातला दाब एकदम पडतो आणि जिवंत बाळाचं रक्त जोडण्यांतून तिकडे धावतं. जे नुकसान व्हायचं ते बहुतेक त्याच वेळात होऊन जातं, आपल्याला कळेपर्यंत. घाईने बाहेर काढून वर अपुऱ्या दिवसांचं संकट कशाला लादायचं? एक बाळ गेल्यावर दुसरं जाण्याची शक्यता साधारण पंधरा टक्के, मेंदूला इजा होण्याची साधारण पंचवीस. वार दोन असतील तर हेच आकडे अगदी थोडे. मग वाचलेल्या बाळाचा ॲनिमिया डॉप्लरवर बघायचा आणि तीन-चार आठवड्यांनी मेंदूचा एमआरआय. आईबापांना सगळं आधी सांगायचं.

मामा: सांगायचं कसं, ते मला विचार. तुमच्या मोठ्या दवाखान्यातून परत आलेल्या बाईला मी विचारतो, काय म्हणाले? ती म्हणते, काहीतरी लेझर म्हणाले आणि सही घेतली. दोन्ही वाचतील असं तिला वाटत असतं. एक वाचणं, दोन्ही जाणं, वाचलेल्याच्या मेंदूला इजा, काहीच न करणं, कायद्याच्या मुदतीत गर्भ पाडणं, हे सगळे रस्ते तिच्यासमोर तिच्या भाषेत ठेवले का? नवऱ्यासमोर आणि सासूसमोरही ठेवले का? नाहीतर पुढे काहीही झालं तर दोष तिच्याच माथी.

भाची: हे आमच्याकडे कमी पडतं, आणि ते तुमच्याकडे जास्त चांगलं होईल. त्या बाईचा विश्वास तुमच्यावर आहे. आम्ही आकडे द्यायचे, तुम्ही तिच्याशी बसून बोलायचं. निर्णय तिचा. आणि एक गोष्ट पहिल्या दिवसापासून तिला माहीत हवी: पोट आठवड्याभरात एकदम वाढलं, ताणलं, आडवं होता येईना किंवा धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी यायचं.

मामा: बरं, मग माझं काम मी सांगतो. जुळं कळलं की चौदा आठवड्यांच्या आत वार किती हे लिहून घेणार, फोटोसकट. लिहिलं नसेल तर बाईला परत पाठवणार. वार एक असेल तर दर पंधरा दिवसांनी पाण्याचे दोन कप्पे आणि दोन मूत्राशयं आमच्याच गावात मोजून घेणार, डॉप्लर जमेल तसं. सगळं सुरळीत असेल तर छत्तीस-सदतीस आठवड्यांना, एसएनसीयू असलेल्या ठिकाणी बाळंतपण. पण पहिल्या पायरीला मी बाईला दोनशे किलोमीटर पळवणार नाही.

भाची: नका पळवू. फोटो फोनवर पाठवा, मी त्याच दिवशी पाहीन. पण मूत्राशय दिसेनासं झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट नका पाहू.

मामा: आणि बेडच्या बाबतीत मी तुझ्याशी भांडत राहणार. लेझरच्या आधी वॉर्मर.

भाची: मी म्हणेन, दोन्ही एकाच वर्षी, एकाच अर्जात मागा.

इथे दोघांचा वाद मिटत नाही, आणि मिटवण्याचा माझा प्रयत्नही नाही. मामांचं म्हणणं बरोबर आहे की बत्तीस आठवड्यांच्या बाळाला धरायला कुणी नसेल तर गर्भातली शस्त्रक्रिया अर्धीच राहते. भाचीचं म्हणणंही बरोबर आहे की विसाव्या आठवड्यातच तोल गेलेल्या जोडीला नवजात कक्षाचा काही उपयोग नाही. पण मला यातून एक मागणी स्पष्ट दिसते आणि ती दोघांच्या वादाच्या बाहेर आहे. वार किती हे चौदा आठवड्यांच्या आत लिहिणं हे राज्यातल्या प्रत्येक सोनोग्राफी केंद्रावर बंधनकारक व्हावं. सरकारी असो की खासगी, त्याला वेगळा निधी लागत नाही. त्याबरोबर प्रत्येक जिल्ह्याला ठरलेलं एक केंद्र असावं, ज्याच्या डॉक्टरांचा नंबर तालुक्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे असेल आणि जिथे बाईला नेण्याचा व एका सोबत्याच्या राहण्याचा खर्च सरकार देईल. निदान करून ठेवलं आणि पुढचा रस्ता दाखवला नाही, तर त्या बाईच्या वाट्याला फक्त भीती येते. निदान आणि रस्ता, दोन्हींची जबाबदारी आरोग्य व्यवस्थेने एकदमच घ्यायला हवी.